‘वस्ती चांगली आहे ना?’

परगावाहून मुंबईला निघालेल्या माणसाला आप्तेष्टांकडून हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘उतरणार कुठे? वस्ती चांगली आहे ना?’ प्रश्न काळजीपोटी विचारलेला असल्यामुळे त्याची चिकित्सा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पाठोपाठ उपदेशही येतो. धारावीकडे फिरकू नका; भेंडीबाजारात दिवेलागणीनंतर थांबू नका; गोवंडी-मानखुर्दचे नावही काढू नका; लोकलच्या भानगडीत न पडता मोबाईलवरून गाडी मागवा आणि थेट दारापर्यंत जा. परळच्या इस्पितळात आईला दाखवायला आणणारा शेतकरी, मुलाखतीसाठी येणारी पदवीधर मुलगी, आझाद मैदानावरच्या मोर्चासाठी येणारी अंगणवाडी सेविका या सर्वांच्या शिदोरीबरोबर हा उपदेश बांधून दिलेला असतो. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतूनही तो ऐकू येतो, ही अधिक चिंतेची बाब आहे.

या उपदेशावर माझे तीन आक्षेप आहेत. एक, तो वस्तुस्थितीला धरून नाही. दोन, वर्ग, जात आणि धर्म यांविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांना तो सुरक्षिततेचे सोज्वळ नाव देतो. आणि तीन, रस्ता सुरक्षित ठेवणे हे ज्यांचे कर्तव्य आहे त्यांची त्या कर्तव्यातून तो परस्पर सुटका करतो. हे तिन्ही आक्षेप क्रमाने पाहू.

धोका कोठे आहे?

प्रथम मृत्यूचा हिशेब मांडू, कारण सुरक्षिततेची चर्चा अखेर जिवाच्या भीतीपाशीच येऊन थांबते. २०२२ साली भारतात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्याच वर्षी रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे जवळजवळ सहापट. त्यांत बत्तीस हजारांवर पादचारी होते. खून झालेल्या एकूण माणसांपेक्षा वाहनांखाली चिरडलेल्या पायी चालणाऱ्यांचीच संख्या मोठी, असा हा देश आहे. आता खुद्द मुंबईचे पाहा. या महानगरात अलीकडच्या वर्षांत खुनांची संख्या वर्षाकाठी दीडशेच्या आसपास राहिली आहे. उपनगरी रेल्वेवर मात्र २०१७ साली तीन हजारांवर माणसे मेली, आणि २०२४ सालीही ही संख्या अडीच हजारांच्या घरात होती. त्यांतील सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडताना मरणाऱ्यांचा आणि त्याखालोखाल गर्दीने भरलेल्या डब्यातून खाली पडणाऱ्यांचा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरल्या लोकलच्या दारांतून माणसे पडली आणि मेली. या मृतांना कोणत्याही ‘वाईट वस्ती’तल्या गुंडाने मारले नाही. पूल रुंद झाला नाही, गाड्या वाढल्या नाहीत, म्हणून ही माणसे मेली.

तेव्हा मुंबईस येणाऱ्या पाहुण्याच्या जिवाची ज्यांना खरोखरच काळजी असेल त्यांनी ‘धारावीत जाऊ नको’ असे सांगण्याऐवजी ‘रूळ ओलांडू नको, पुलाचा जिना चढ, दारात लटकू नको, पुढची गाडी घे’ असे सांगितले पाहिजे. हा उपदेश क्वचितच ऐकू येतो, कारण रेल्वेचा मृत्यू आपल्याला परिचयाचा झाला आहे आणि परिचयाच्या धोक्याची भीती वाटेनाशी होते. अपरिचित माणसांची भीती मात्र आयुष्यभर पुरते.

चोऱ्यामाऱ्यांच्या आकड्यांचेही असेच. अमुक स्थानकाच्या हद्दीत पाकीटमारीच्या तक्रारी जास्त म्हणून तो भाग धोक्याचा, असे अनुमान सर्रास काढले जाते. पदवीच्या पहिल्या वर्षात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की, नुसता अंश पाहू नका, छेदही पाहा. दादरला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला दररोज लाखो माणसे उतरतात. तेथील चोऱ्यांना त्या लाखोंनी भागावयाचे की स्थानकाभोवती राहणाऱ्या काही हजारांनी? छेद चुकला की कोणताही गजबजलेला भाग गुन्हेगारांचा अड्डा ठरतो, आणि जेथे कोणी फिरकतच नाही असा कुंपणाआडचा भाग नंदनवन ठरतो. शिवाय नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांत अंतर असते. जेथे गरिबाची तक्रार घेतली जात नाही तेथील आकडे सुरेखच दिसणार.

नकाशावरचा तांबडा रंग

वस्त्यांना चांगले-वाईट ठरविण्याचा उद्योग नवा नाही, आणि तो निरुपद्रवीही कधी नव्हता. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरोशहरीचे नकाशे तयार करवून वस्त्यांच्या चार श्रेणी लावल्या. उत्तम वस्तीला हिरवा रंग, ‘धोक्याच्या’ वस्तीला तांबडा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट तांबड्या रंगविल्या गेल्या. तांबड्या वस्तीत कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणून पडझड. आणि पडझड झाली की ‘पाहा, आम्ही म्हणत होतो ना?’ असा पुरावा तयार. हा भेदभाव कायद्याने निषिद्ध होण्यास १९६८ साल उजाडावे लागले. वस्तीवरचा शिक्का वस्तीचे वर्णन करून थांबत नाही, तो वस्ती घडवतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

आपल्याकडे असा नकाशा कोणी छापला नाही, कारण तो छापण्याची गरजच नव्हती. तो आपल्या मनांत शतकानुशतके रंगवलेला आहे. गावकुसाबाहेरचा भाग कोणता हे विचारावे लागत नसे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास उतरले. सयाजीरावांचे बडोदे हे तेव्हाच्या हिंदुस्थानातील अत्यंत सुव्यवस्थित नगर. त्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ‘वस्ती चांगली आहे ना?’ या प्रश्नाला त्या दिवशीचे बडोदे ‘होय’ असेच उत्तर देते. वस्ती चांगली होती; परंतु कोणासाठी? गाडगेमहाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली ती उगाच नव्हे. तीर्थक्षेत्राला आलेल्या कोणत्या पाहुण्याला पाठ टेकायला जागा मिळत नाही, हे त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आणि हा जुना नकाशा पुसट झाला आहे असे कोणी समजू नये. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. त्यानंतर भयभीत मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. अहमदाबादेत २००२ नंतर जुहापुऱ्याचे तेच झाले. ज्यांना असुरक्षिततेने तेथे ढकलले त्यांच्याच वस्तीला आज ‘असुरक्षित’ म्हणून बोट दाखवले जाते. याहून क्रूर उलटापालट कोणती? मुंबईत नाव, आडनाव, आहार आणि वैवाहिक स्थिती विचारून घर नाकारले जाते, हे उघड गुपित आहे. अशा सोसायटीच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी मात्र संध्याकाळी पाळी संपली की त्याच ‘वाईट’ वस्तीतल्या आपल्या खोलीवर परततो. ज्याच्या भरवशावर तुम्ही झोपता तो जेथे झोपतो, ती जागा तेवढी धोक्याची!

जागा रस्ता

मग रस्ता सुरक्षित होतो कशाने? जेन जेकब्ज या विदुषीने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन शहरांवरील आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. रस्त्यावर लागलेले डोळे रस्ता सांभाळतात : दुकानदाराचे, खिडकीतल्या आजीबाईचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. बॉस्टनमधील नॉर्थ एंड या भागाला नगररचनाकार ‘झोपडपट्टी’ म्हणत होते. परंतु गुन्हे, रोगराई आणि बालमृत्यू यांचे तेथील प्रमाण त्या शहरातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी होते, हे तिने दाखवून दिले.

आपल्याला त्यासाठी बॉस्टनला जाण्याचे कारण नाही. लालबाग-परळ-लोअर परळचे गिरणगाव तीन पाळ्यांत चालत असे. मध्यरात्री एक पाळी सुटे, दुसरी भरे. खानावळी आणि चहाची दुकाने उघडी असत. चाळीच्या गॅलरीत कोणी ना कोणी जागे असे. त्या रस्त्याला पहारेकरी लागत नव्हता, कारण तो रस्ता झोपतच नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप चिरडला गेला, पाठोपाठ गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांना भिंती आल्या, भिंतींना दिवे आले, कॅमेरे आले. पण भिंतीबाहेरचा रस्ता ओस पडला. २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका तरुण छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला तो महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या पडीक आवारात. जेथे कधी काळी हजारो हात राबत होते आणि तीन पाळ्यांची वर्दळ होती, तेथे माणूसच उरला नव्हता. कामगार हाकलला गेला आणि त्याच्याबरोबर रस्त्याचा राखणदारही गेला. गुन्हेगारांचा अपराध याने रतिभरही कमी होत नाही. परंतु गुन्ह्याला जागा कोणी करून दिली हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हीच गोष्ट फेरीवाल्याची. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा केला; परंतु ‘स्वच्छ आणि सुरक्षित परिसरा’च्या नावाखाली त्यांना उठवणे थांबलेले नाही. रात्री अकरा वाजता गाडीवरून उतरलेल्या परक्या बाईला रस्ता विचारण्याजोगा पहिला माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा भुर्जीवाला किंवा फुलवाली. त्याला उठवून तुम्ही परिसर सुरक्षित करीत नाही, अंधारात सोडता.

शेवटची बस

वस्तीइतकाच महत्त्वाचा प्रश्न जाण्यायेण्याचा. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत ज्या तरुणीवर अत्याचार झाला, ती आणि तिचा मित्र मुनिरका येथे एका खाजगी बसमध्ये चढले होते. त्या बसला तेथून प्रवासी नेण्याची परवानगीच नव्हती. हा भाग दक्षिण दिल्लीतला, प्रतिष्ठितांच्या बाजूचा. वस्तीच्या चांगुलपणाने तिचे रक्षण केले नाही. त्या वेळी सार्वजनिक बस भरवशाने मिळत असती तर कोणी अशा गाडीत पाऊल ठेवले नसते. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या मध्यभागी, स्वारगेटच्या एसटी स्थानकात, उभ्या शिवशाही गाडीत एका प्रवासी तरुणीवर अत्याचार झाल्याची घटना घडली. गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून तिला तिकडे नेण्यात आले, असे तेव्हा समोर आले. आपली गाडी कोणत्या फलाटावर लागते, ही साधी माहिती प्रवाशाला गणवेशातल्या माणसाकडून पहाटेही मिळाली पाहिजे. ती अनोळखी माणसाच्या तोंडून घ्यावी लागते तेथे सार्वजनिक सेवा नावापुरतीच उरलेली असते.

मुंबईत बेस्टची बस १५ जुलै १९२६ रोजी प्रथम धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. परक्या माणसाला शहर फिरवून आणणारी, प्रत्येक थांब्यावर नाव असलेली आणि खाकी गणवेशातला वाहक असलेली ही सेवा म्हणजे मुंबईने पाहुण्याला दिलेले अभयच होते. आज तिची अवस्था काय आहे? स्वमालकीच्या गाड्या काही हजारांवरून काही शेकड्यांवर आणल्या गेल्या, उरलेल्या कंत्राटदारांच्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अशाच भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने गर्दीत शिरून किमान सात माणसांचे बळी घेतले, आणि चालकाला त्या गाडीचे कितपत प्रशिक्षण दिले होते असा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. गाड्या कमी, भाडे दुप्पट, आणि मग पाहुण्याला उपदेश काय, तर ‘बसच्या नादी लागू नका, मोबाईलवरून गाडी मागवा.’ मागणी वाढली की भाडे वाढवणारी ती गाडी पावसाळ्याच्या रात्री, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, सर्वांत महाग असते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने सुरक्षितता विकत घ्यावी आणि ज्याच्या खिशात नाहीत त्याने देवाचे नाव घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

भयाचा बाजार

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे. रस्त्यावरचा दिवा एकासाठी लावला तरी त्याचा उजेड सर्वांवर पडतो. त्याच कारणाने बाजार तो लावत नाही. त्याला हवी असते विकता येण्याजोगी, दुसऱ्याला नाकारता येण्याजोगी सुरक्षितता. फाटक, पहारेकरी, कॅमेरा, ‘चांगल्या एरिया’तला चढ्या दराचा लॉज ही त्या बाजाराची उत्पादने होत, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे भय. येथे एक विपरीत गोष्ट घडते. प्रत्येकजण आपापल्यापुरती शहाणपणाने वागतो आणि सर्वांचे मिळून नुकसान होते. भीतीने मोटारीत बसलेला प्रत्येक माणूस फुटपाथवरचा एक माणूस कमी करतो आणि रस्त्यावरची एक मोटार वाढवतो. फुटपाथ ओस पडतो, मोटारींखाली मरणारे वाढतात, भय आणखी वाढते, आणखी मोटारी येतात. या चक्रात नफा ज्यांचा व्हावयाचा त्यांचा होतोच.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ‘तुमच्या मुलीला तुम्ही रात्री कुठेही जाऊ द्याल काय?’ हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. स्त्रीला रस्त्यावर होणारा उपद्रव खरा आहे, आणि तिच्या सावधपणाची टिंगल करण्याचा अधिकार कोणाही पुरुषाला नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. ‘चांगली वस्ती’ निवडून या धोक्यापासून बचाव होत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मुंबईतील अनुभवाच्या आधारे दाखवून दिले आहे की, सुरक्षिततेच्या नावाने स्त्रीला घरी बसवले जाते आणि रस्ता पुरुषांना आंदण दिला जातो. उपाय तिला आत ठेवण्याचा नसून तिच्यासारख्या शंभरजणींना बाहेर आणण्याचा आहे, आणि त्यासाठी दिवा, बस आणि स्वच्छतागृह ही तीन साधने लागतात.

दुसरा आक्षेप असा की, हे गरीब वस्त्यांचे उदात्तीकरण झाले. तसे मुळीच नाही. गोवंडीत किंवा धारावीत नशेचा व्यापार, दादागिरी, मारामाऱ्या नाहीत असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. परंतु त्याचे पहिले बळी तेथील रहिवासीच असतात. मध्यरात्री सार्वजनिक शौचालयापर्यंत अंधारातून जावे लागणाऱ्या तेथील मुलीचा धोका हा खरा धोका होय. चार तासांसाठी आलेल्या पाहुण्याच्या भीतीला वर्तमानपत्रात जागा मिळते आणि जन्मभर तेथे राहणाऱ्या त्या मुलीच्या भीतीची दखल कोणी घेत नाही. वस्तीवर ‘धोकादायक’ असा शिक्का मारून तिच्यासाठी दिवा लागत नाही. उलट वस्ती उठवण्याला मात्र नैतिक आधार मिळतो.

मग ओळखावे कसे?

परक्या शहरात उतरणाऱ्याने काहीच पारख करू नये असे माझे म्हणणे नाही. पारख जरूर करावी. मात्र ती रहिवाशांच्या जाती-धर्माची आणि घरांच्या उंचीची नसावी. रात्री दहानंतर रस्त्यावर स्त्रिया आणि मुले दिसतात काय? दुकाने उघडी आहेत काय? शेवटची बस किंवा लोकल किती वाजता, आणि स्थानकापासून मुक्कामापर्यंतचा रस्ता वाहता आहे काय? फुटपाथ चालण्याजोगा आहे काय? मध्यरात्रीनंतर लोकल काही तास बंद असतात आणि रिक्षा शीव-वांद्र्याच्या दक्षिणेस येत नाही, हे आधीच ठाऊक असलेला पाहुणा अवेळी येणाऱ्या गाडीचे तिकीट काढताना विचार करतो आणि स्थानकाबाहेर गराडा घालणाऱ्यांच्या तावडीत सापडत नाही. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतो, हे त्या मुलाखतीच्या मुलीला कोणीतरी सांगितले पाहिजे. दादरची गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते, हे त्या शेतकऱ्याला गावातच कळले पाहिजे. ही माहिती भीती घालवते. वस्त्यांची काळी यादी भीती वाढवते.

आपल्या शाखांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील शेवटच्या बसची वेळ, बंद पडलेले दिवे, कुलूप लागलेली स्वच्छतागृहे आणि पूल नसल्याने रूळ ओलांडावे लागणारी ठिकाणे यांची यादी करावी आणि ती घेऊन विभाग कार्यालयात आणि स्थानकप्रमुखांकडे ठाण मांडावे. बेस्टच्या स्वमालकीच्या गाड्या वाढवा आणि रात्रीच्या फेऱ्या चालू ठेवा, ही मागणी आतापर्यंत केवळ बेस्टच्या कामगारांची मानली गेली. ती प्रवाशांची झाली पाहिजे. इस्पितळांच्या परिसरात फुटपाथवर चादर अंथरणाऱ्या नातलगांसाठी स्वस्त निवारा, हीही सुरक्षिततेचीच मागणी आहे. आणि घरात कोणी ‘वस्ती चांगली आहे ना?’ असे विचारले, तर कार्यकर्त्याने प्रश्न बदलून द्यावा : तेथे दिवा आहे काय, बस आहे काय, आणि नसेल तर ती कोणामुळे नाही?